मागची सतरंजी

टेलिफोन एक्स्चेंजमधली सकाळपाळी संपवून रिबका गल्लीत शिरली, तेव्हा तिच्या कानात अजून कुणीतरी सांगलीचा ट्रंक कॉल मागत होतं. हेडफोन काढून ठेवला तरी ते आवाज लगेच जात नसत. घरी जायचं, तोंडावर पाणी मारायचं आणि स्वयंपाकघरातल्या थंड फरशीवर जरा आडवं व्हायचं, एवढंच तिच्या मनात होतं. पण दारातच आत्ती उभी होती. कडक इस्त्रीची पांढरी साडी, हातात किल्ल्यांचा जुडगा. आत्ती अशी उभी असली की त्या दिवशी घरात कुणी आडवं होत नसतं.

"आलीस? हातपाय धू आन् ती निळी साडी नेस. पावणं दुपारच्या येष्टीनं निघाल्यात म्हणून निरोप आलाय."

"आत्ती, सांजच्याला येणार म्हणलातसा की."

"मग काय परत पाठवू त्यास्नी? जा, आवर."

आत्तीचं नाव धोंडुबाई. रिबकाच्या वडलांची ही थोरली बहीण तीस वर्षं मिशनची सुवार्तेची बाई म्हणून, येशूचं शुभवर्तमान सांगत, खेड्यापाड्यांतून पायी फिरली होती आणि आता भावाच्या घरी राहून तिथलं सगळं चालवत होती. आजचं स्थळही तिनंच आणलेलं. पलीकडच्या तालुक्यात एका खेड्यातल्या मंडळीचे, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांचे, पाळक होते बाळासो साळवी. त्यांचा मुलगा योना धर्मशिक्षण संपवून आला होता. ईस्टरनंतर त्याला स्वतःची मंडळी मिळणार होती, आणि बिनलग्नाचा पाळक कुठल्याच मंडळीला नको असतो. त्याला पेटी वाजवणारी, शब्बाथशाळा घेणारी, चारचौघांत प्रार्थना करू शकणारी मुलगी हवी होती. आत्तीनं हे ऐकलं आणि तिथल्या तिथं भाचीचं नाव सांगून मोकळी झाली. रिबकाला विचारलं तेव्हा ती "बगू" म्हणाली होती. चोपड्यांच्या घरात "बगू"चा अर्थ होकार धरायची रीत होती.

स्वयंपाकघरात आई भजीसाठी कांदा चिरत होती. बाजूला रिबकाचा धाकटा भाऊ शिमोन पाटावर बसून चहा पीत होता. तो कबनूरला मागाच्या कारखान्यात होता, तिथंच राहायचा. बहिणीला बघायला येणार म्हणून अर्धी हजेरी टाकून आला होता.

"आप्पा बोलले का तुज्याशी?" रिबकानं वडलांबद्दल हळूच विचारलं.

"बोलले की. म्हणले, चपला नीट ठेव."

आई हसली नाही. तिनं नुसतं रिबकाकडं बघितलं आणि म्हणाली, "डोळं लाल झाल्यात तुजं. जरा पाणी मार."

डोळे लाल व्हायला कारण होतं. ईस्टरच्या आधीचे हे उपासाचे दिवस. तरुण संघाची प्रार्थना रोज पहाटे असायची आणि देवळाची किल्ली रिबकाकडं. चर्चला घरातली सगळी जण देऊळच म्हणत. ती जाऊन दार उघडायची, वटवाघळांची घाण झाडायची, सतरंज्या अंथरायची, पेटी पुसायची. मग डोळे चोळत एकेक पोरगं-पोरगी यायची आणि ती गाणं उचलायची. तिथून सरळ एक्स्चेंज. बुधवारी घरोघरची प्रार्थना, शनिवारी गाण्याची तालीम, रविवारी आधी शब्बाथशाळेची पोरं आणि मग मोठी उपासना. जुने पेटीवाले गुरुजी गेले तेव्हा वडलांनी तिला पेटीच्या बाकावर बसवलं होतं. तेव्हा तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. त्यानंतर ती एकदाही दुसरीकडं कुठं बसली नव्हती. आणीबाणी उठली त्या वर्षी तिला नोकरी लागली, तेव्हा तिला वाटलं, आता दुसरं कुणीतरी येईल. कुणी आलं नाही.

रोजची संध्याकाळची घरची प्रार्थना तर वेगळीच. ती आजोबांनी घालून दिलेली. केरबा चोपड्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावानं त्यांना वाळीत टाकलं, पाणी बंद केलं, आणि ते बायकोपोरांसह कोल्हापूरला आले. इथं पहिल्या संध्याकाळी भाड्याच्या खोलीत दिवा लावून ते सगळ्यांना घेऊन प्रार्थनेला बसले, आणि त्या दिवसापासून ती बैठक कधी चुकली नाही, असं आप्पा सांगत. घरात मयत झालं तरी नाही.

पाव्हणे आले ते उन्हानं लालबुंद होऊन. पाळक बाळासो उंच, आवाज भरदार. त्यांच्या पत्नी, सगळे त्यांना पाळकीणबाई म्हणत, बारीक, गप्प. पदरानं सारखा घाम टिपत होत्या. योना चष्मेवाला. खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता, कुणी उठ म्हटलं तर लगेच उठता यावं असा.

आप्पांनी, म्हणजे आकाराम मास्तरांनी, कोट घातला होता. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तो कोट फक्त मंडळीच्या सभेला बाहेर निघायचा.

"उपासाचे दिवस पडले पाळकसाहेब," ते म्हणाले, "न्हायतर कोल्हापुरात येऊन तुमास्नी भज्यावर भागवायला लावलं नसतं."

"अहो, भजी ही देखील देवाचीच देणगी," पाळक म्हणाले आणि सगळे हसले.

बोलणं मंडळ्यांवर आलं. कुठं छप्पर गळतंय, कुठं तरुण मुलं सिनेमाला जातात आणि उपासनेला येत नाहीत. इथं आप्पांची नजर दाराशी उभ्या शिमोनकडं गेली. शिमोननं खाली बघितलं. रिबकाला वाटलं, आता तो बाहेर निघून जाईल. पण तो थांबला.

"मग," पाळक म्हणाले, "मुलीचं एखादं गीत ऐकू या."

पेटी घरात होतीच. रिबका खाली बसली. गाणं कुठलं हेही तिला निवडावं लागलं नाही. आत्तीनं कालच ठरवलं होतं. बोटं आपोआप चालली. दुसऱ्या कडव्याला पाळकांनी आपला भरदार आवाज मिसळला आणि आत्तीनं डोळे मिटून मान हलवली. गाणं संपलं.

"सुंदर," पाळक म्हणाले. "आता तूच आम्हाला प्रार्थनेत चालव."

सगळ्यांनी डोळे मिटले. रिबकानं सुरुवात केली. शब्द येत गेले, घडी घातलेले, एकावर एक रचलेले. आजच्या दिवसाबद्दल उपकार, सुखरूप प्रवासाबद्दल उपकार, आजारी जनांची आठवण, मंडळीची आठवण. ती स्वतःच स्वतःला ऐकत होती, आणि तो आवाज तिला एक्स्चेंजमधल्यासारखा वाटला. नम्र, स्वच्छ आणि कुणाचाच नसलेला. पुढचं वाक्य तिला माहीत होतं. जिभेवर आलंही होतं. पण ते काही केल्या बाहेर पडेना.

ती थांबली.

आत स्टोव्हवर चहा उतू गेल्याचा चर्र आवाज आला. आत्ती हलक्यानं खाकरली. रिबका मांडीवरच्या हातांकडं बघत राहिली.

"आमेन," कुणीतरी म्हणालं.

तो योना होता. मग सगळेच घाईघाईनं "आमेन" म्हणाले.

"पोरीला भरून आलं," आत्ती म्हणाली. "लई भाविक हाय."

पाळकांनी कौतुकानं मान डोलावली. पाळकीणबाई मात्र रिबकाकडं टक लावून बघत होत्या.

चहा झाल्यावर वडीलधाऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि आप्पा म्हणाले, "रिबका, पावण्यास्नी आपलं देऊळ दाखवून आण जा. उद्याच्या झावळ्याबी आल्यात का बगून ये."

देऊळ गल्लीच्या टोकालाच होतं. किल्ली लावून तिनं दार ढकललं. आत अंधार, गारवा, आणि ताज्या हिरव्या पाल्याचा वास. उद्या झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. तरुण संघाच्या पोरांनी नारळाच्या झावळ्या आणून भिंतीशी टाकल्या होत्या. त्यांच्यावर पाणी मारायला मात्र कुणी थांबलं नव्हतं. रिबकानं सवयीनं कोपऱ्यातली बादली उचलली.

"द्या इकडे," योना म्हणाला आणि नळावरून बादली भरून घेऊन आला. दोघांनी मिळून झावळ्यांवर पाणी शिंपडलं. मग तो पायरीवर बसला. ती जरा लांब, खांबाला टेकून उभी राहिली.

"एक विचारू?" तो म्हणाला. "मघाशी तुम्ही थांबलात का? भरून आलं नव्हतं तुम्हाला. मी डोळे उघडून बघितलं."

"पाळकांनी डोळे उघडायचे नसतात."

"अजून झालो नाही मी पाळक."

रिबकाला हसू आलं. घरात ती कोल्हापूरच्या बाकीच्या पोरींसारखी 'जातो, करतो' असंच बोलायची. 'जाते, करते' हे एक्स्चेंजचं बोलणं, परक्यांसाठीचं. तिनं त्या बोलण्यात सुरुवात केली. "मी रोज प्रार्थना करते. सगळ्यांच्या वतीनं करते. आज करताना वाटलं, हे मी कुणाला सांगते आहे? ट्रंक कॉल लावून द्यावा तसं. हिकडचं तिकडं जोडून देतो मी, आन् दोघं बोलाय लागले की आपण बाजूला. माजं सोताचं बोलणंच हुईत न्हाय." बोलता बोलता ती घरच्या बोलीत कधी आली हे तिलाही कळलं नाही.

योनानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मी चार वर्षांचा असल्यापासून पाव्हण्यांसमोर प्रार्थना म्हणतोय. बाबा टेबलावर उभं करायचे. परीक्षेच्या वेळी सुद्धा मला एकट्याला प्रार्थना सुचत नाही. समोर माणसं लागतात."

"आन् तरी पाळक हुणार?"

"दुसरं काही येत नाही मला," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तसं नाही. आवडतं मला. आजारी माणसापाशी बसायला आवडतं. कुणाच्या घरी जाऊन नुसतं बसायला. बाकीचं जमवून घेईन."

बाहेरून बैलगाडीची चाकं वाजत गेली. गाडीतल्या उसाच्या मोळ्या दारातून दिसून नाहीशा झाल्या.

"तुम्हाला काय हवंय?" योनानं विचारलं.

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता, म्हणून उत्तर द्यायला तिला वेळ लागेल असं तिला वाटलं. पण उत्तर तयारच होतं. तिनं भिंतीकडं बोट केलं. तिथं शेवटची, फाटकी सतरंजी गुंडाळून ठेवली होती. तान्ह्या पोरांच्या आया आणि उशिरा येणाऱ्या म्हाताऱ्या तिच्यावर बसत.

"तितं बसायचंय मला. मागं. पेटी न्हाय, किल्ली न्हाय, पोरं मोजायची न्हाईत. दुसरं कुणीतरी गाणार, मी ऐकणार. बास."

"मग बसा की," तो पटकन म्हणाला. मग त्याला आपण काय बोललो ते कळलं आणि कान लाल झाले; तरी त्यानं वाक्य पुरं केलं. "माझ्या मंडळीत बसा मागे. मी काही म्हणणार नाही. खरंच सांगतो."

रिबकानं त्याच्याकडं नीट बघितलं. तो खोटं बोलत नव्हता. माणूस चांगला होता, आणि तेच अवघड होतं.

"तुमी म्हणशीला बस," ती म्हणाली. "मंडळी म्हणंल ऊठ. मग तुमी काय करशीला?"

"आईचं तसंच झालं," योना म्हणाला. "बाबा कधी तिला कर म्हणाले नाहीत. करावंच लागलं तिला." तो उठला, हात झटकले. "मी जाऊन सांगतो, मला पसंत नाही म्हणून. तुमच्यावर यायला नको."

"नगं," रिबका म्हणाली. "मग उद्यापासनं मी नापसंत झाल्याली पोरगी. माजं मी सांगतो."

आणि तिनं सांगितलं. दारातच, चपला काढण्याआधी, धीर जायच्या आत. "आप्पा, पाळकसाहेब, माझं ह्या स्थळाला न्हाय हाय. ह्यांच्यात काय खोट न्हाय. मला पाळकीण व्हायचं न्हाय. मी दमलोय."

पहिल्यांदा आत्ती उठली. "दमलीस? येवढंसं वय तुजं! कशानं दमलीस?"

"आक्का, जरा थांब," आप्पा म्हणाले, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

पाळक बाळासोंनी हात वर केला. "असू द्या, असू द्या. प्रभूची इच्छा असेल तसं होतं." ते हे खूपदा म्हणत आले असावेत; पण या वेळी त्यांनाच ते ऐकायला जड जात होतं.

आणि मग इतका वेळ गप्प बसलेल्या पाळकीणबाई बोलल्या. "आम्ही दमलो नाही होय?" त्यांचा आवाज चिरका होता, संतापानं थरथरत होता. "मी काय दमले नाही? ताप अंगात घेऊन मी पोरांना गाणी शिकवली. ह्याचा धाकटा भाऊ मांडीवर गेला माझ्या, आणि तिसऱ्या दिवशी मी मंडळीतल्या लग्नात पेटीवर होते. कुणी विचारलं नाही मला. दमलं म्हणून सोडता येतं होय गं?"

रिबकानं मान खाली घातली. पाळकीणबाई तिच्या समोरून जाताना क्षणभर थांबल्या. मग पदरानं डोळे टिपत पायऱ्या उतरल्या. योनानं आईच्या हातातली पिशवी घेतली आणि तिच्या पावलाशी पाऊल ठेवत चालू लागला. पाळक दोघांच्या पुढं, एकटेच.

पाव्हणे दिसेनासे झाल्यावर घरात जे सुरू झालं, ते गल्लीतल्या लोकांनी ऐकलं असणार. आत्ती म्हणाली, आता समाजात तोंड दाखवायला जागा नाही. आत्ती म्हणाली, ह्या पोरीला नोकरीचा वारा लागला. आप्पा कोट न काढताच खुर्चीत बसले होते. आत्तीचं सगळं बोलून झाल्यावर ते म्हणाले,

"ठीक हाय. लगीन तुजं, तू न्हाय म्हणलीस. पर उद्याच्याला पेटीवर बसायचं."

"न्हाय आप्पा."

"काय न्हाय?"

"उद्या न्हाय, आन् त्याच्या म्होरंबी काही दीस न्हाय. मी देवळात येणार. पर मागं बसणार."

"आन् गाणं कोण उचलणार?"

"म्हाईत न्हाय."

आप्पा उठले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "माज्या बानं गाव सोडलं. हिरीवर पाणी भरू दिलं न्हाय त्येला. त्यो ह्या गाण्यासाठी आला हितं. पोरगा तर गेलाच देवळातनं. आता तूबी उठ पेटीवरनं. मग चोपड्याच्या घरात ऱ्हायलं काय?"

"पोरगा गेला न्हाय," शिमोन दारातून म्हणाला.

"तू बोलू नगंस. तुजा रविवार कबनूरला."

"मालक रविवार धरत न्हाय, आप्पा. हजेरी मोडली की पुढल्या दिशी माग दुसऱ्याला." शिमोन आत आला. वडलांसमोर तो असा सरळ उभा राहिल्याला किती दिवस झाले होते, रिबकाला आठवेना. "पर मी गातो तितं. उपासनेच्या येळंला, माग चालू असताना. वरडून गातो. शेजारच्या मागावर बादशहा असतो, त्येलाबी ऐकू येत न्हाय, एवढा खडखडाट. पयल्यापासनं शेवटापतोर, जसं हितं असतंय तसं सगळं. मधे पंधरा मिन्टं गप ऱ्हातो, पाळकांच्या उपदेशासाठी."

आत्तीनं हातातला किल्ल्यांचा जुडगा खाली ठेवला.

"मला म्हाईत न्हवतं," आप्पा म्हणाले.

"तुमी कधी इचारलासा?"

बाहेर उन्हं उतरली होती. आप्पांनी खिडकीतून आभाळाकडं बघितलं, आणि सगळ्यांना कळलं की दिवेलागणीची वेळ झाली. भांडण जिथं होतं तिथं ठेवून आईनं उठून दिवा लावला, भिंतीवरच्या खुंटीची सतरंजी काढली, अंथरली. चोपड्यांच्या घरात याला पर्याय नव्हता. एकमेकांची तोंडं बघायची इच्छा नसलेली पाच माणसं गोल करून बसली.

रोज एकेकाची पाळी असायची. आज रिबकाची होती. आप्पा तिच्याकडं बघेनात. "आज मी करतो," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. "हे कृपावंत बापा..." आणि पुढं त्यांना सुधरेना. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेवढ्यावरच अडलं. आत्तीनं श्वास घेतला, ती करणार असं वाटलं. पण आवाज आला तो आईचा.

आईला या घरात कुणी कधी मोठ्यानं प्रार्थना करताना ऐकलं नव्हतं. घरात एक मास्तर आणि एक सुवार्तेची बाई. तिची पाळी कधी लागलीच नव्हती.

"देवा," आई म्हणाली, "आज घरात लई बोलाचाली झाली. तू ऐकलासच. पावणीबाई रडत गेली, तिच्या जिवाला बरं वाटू दे. शिमू येष्टीला उभा राहून जाणार, त्येला बसाय जागा मिळू दे. ह्येंच्या छातीत दुकतंय, मला सांगत न्हाईत, तुला सांगत आसतील. आक्काचे पाय रात्रभर दुकत्यात. आन् पोरगी दमलीया. मला दिसत हुतं, मीच बोलले न्हाय. आमेन."

शिमोननं आमेन म्हटलं. मग आप्पांनी. आत्तीनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि रागानंच म्हणाली, "हिला येवढी प्रार्थना येत हुती, तर इतकी वर्सं आमास्नी बडबडाय का लावलं?"

शिमोन एस्टीला निघाला तेव्हा आप्पा त्याच्याबरोबर स्टँडपर्यंत गेले. काय बोलले, ते दोघांनीही घरात सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाची किल्ली रिबकानं आईजवळ ठेवली आणि न्हाऊन, घंटा झाल्यावर, सगळ्यांसारखी गेली. दारात झावळ्या घेतलेल्या पोरांची झुंबड होती. तरुण संघातल्या दोघीतिघी धावत आल्या: "रिबकाक्का, पेटी लागंना! भाता फुसफुसतोय!" तिचे पाय पुढं निघालेही. मग ती थांबली. "हळू मारा भाता," एवढंच म्हणाली आणि मागच्या सतरंजीवर जाऊन भिंतीला टेकून बसली. शेजारची बाई पोराला पाजत होती. ती सरकली आणि तिनं जागा करून दिली.

माना वळल्या. कुजबुज झाली. पहिल्या ओळीतल्या आप्पांची मान वळली नाही.

पेटीवर कुणी बसलंच नाही. आत्तीनं उभी राहून गाणं उचललं, आणि इतकं वर उचललं की ध्रुवपदापर्यंत येता येता निम्मी मंडळी सुटली. पुरुषांचा आवाज खाली, बायकांचा वर, मधे पोरांचा भलतीकडंच. रिबकाची बोटं मांडीवर चाळवली. तिनं त्या हातावर दुसरा हात ठेवला. दुसरं गाणं धरलं ते कुणी हे मागून दिसेना; एका पोरीचा बारीक, घाबरलेला आवाज, पण सुरात. मंडळी हळूहळू त्या आवाजामागं गेली. रिबका ऐकत होती. शेजारचं पिणारं पोर गाण्याच्या लयीत चुटुचुटु आवाज करत होतं. इथल्या मंडळीचे पाळक उपदेशाला उभे राहिले. त्यांचं पहिलं वाक्य तिनं ऐकलं. दुसरं ऐकलं असेल.

तिला जाग आली तेव्हा मान अवघडली होती आणि देवळात कुणी नव्हतं. दारातून ऊन पार खांबापर्यंत आत आलं होतं. फरशीवर झावळ्यांची तुटकी पानं पडली होती. पुढच्या सगळ्या सतरंज्या गुंडाळून भिंतीशी रचलेल्या. फक्त तिची तेवढी जागच्या जागी. ती दचकून उठली. इतक्या माणसांच्या पायांनी, खोकल्यांनी, पोरांच्या रडण्यानं आपल्याला जाग कशी आली नाही?

आप्पा पेटीच्या बाकावर बसले होते, तोंड तिच्याकडं करून. कोट काढून मांडीवर ठेवला होता.

"आमेनबी ऐकलं न्हाईस तू," ते म्हणाले.

"मला उठवायचं न्हाई का आप्पा?"

"पोरं सतरंजी ओढाय लागलीती. म्या म्हणलं, तेवढी ऱ्हाऊ द्या." त्यांनी मांडीवरचा कोट सारखा केला. "आक्कानं लई वर धरलं गाणं. माजा तर दम गेला."

रिबकाला हसू आलं, आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी. तिनं ते लपवलं नाही, आणि आप्पांनी बघितलं नाही असं दाखवलं.

"पुढच्या रविवारी?" त्यांनी विचारलं.

ईस्टर होता पुढच्या रविवारी. वर्षातली सगळ्यात मोठी उपासना, देऊळ बाहेरपर्यंत भरायचं.

"मागंच, आप्पा."

आप्पांनी मान हलवली. त्यांना ते आवडलं नव्हतं. आवडेल असं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, तिच्यापाशी आले, वाकले आणि सतरंजीचं एक टोक धरलं.

"धर तिकडनं," ते म्हणाले. "आई जेवायची थांबलीया."